तडिता: एक टाकाऊ पात्र

तडिता नावाचं पात्र गेममध्ये आलं आणि आमच्या ग्रुपवरच्या शहाण्यांची उरलीसुरली अक्कलही गेली. एका फटक्यात नव्वद हजार डॅमेज! लोक त्या आकड्याचे फोटो टाकत होते, खाली हात जोडत होते. आकडा बघायला काय लागतं? तो आला कुठून हे बघायला डोकं लागतं, आणि ते ग्रुपवर माझ्याशिवाय कोणाकडे नव्हतं.

मी कमलेश. तारापूर एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये केमिस्ट, राहायला सालवडला. 'सप्तदुर्ग' हा मोबाइलवरचा गेम मी तीन वर्षं खेळतोय आणि 'खाडीचे वाघ' या आमच्या पाच जणांच्या गिल्डचा कॅप्टन आहे. नवीन पात्र आलं की मी ते तपासतो आणि निकाल ग्रुपवर लिहितो. वाणगावपासून सफाळ्यापर्यंत सहाशे लोक तो वाचतात. मी कोणाची भीड ठेवत नाही, म्हणून वाचतात.

माझी पद्धत लॅबची. पात्र सरावाच्या पुतळ्यासमोर एकटं उभं करायचं. बफ नाही, म्हणजे दुसऱ्या कुठल्या पात्राने दिलेलं बळ नाही. स्वतःच्या मनगटात काय आहे ते दाखव म्हणायचं. माझा वीरबाहू या चाचणीत चौसष्ट हजार मारतो. कोणाची मदत नाही, कोणाचा टेकू नाही. अंगाभोवती सोनेरी रेघ चमकते आणि पुतळा हलतो. रुबाब म्हणतात तो असा.

बुधवारी दुपारी रिद्धीचा फोन आला. रिद्धी आमच्या गिल्डमधली पाचवी. नवापूरची, घरची बोट, दिवसभर आईबरोबर मासळी निवडायची आणि बोंबील वाळत घालायची. गेममध्ये ती दोन वर्षं सपोर्टला होती. शांभवी हे फुकटात मिळणारं पात्र घेऊन मागे उभी राहायची आणि आम्हा चौघांना बफ द्यायची. काम सोपं होतं. कोणीतरी करायचं म्हणून ती करायची.

"कमलेशदादा, मला तडिता मिळाली," ती म्हणाली. आवाजातला आनंद लपत नव्हता. "सात महिने गेममधले शिंपले साठवले. रविवारी वापीवाल्यांशी लढत हाय ना, मला एकदा पुढं खेळू द्या. एकदाच. तुमी तपासा आणि ठरवा."

"तपासतो," मी म्हणालो. गिल्डमधल्या कोणाचंही पात्र सरावापुरतं उसनं घेता येतं. मी तडिता घेतली, पुतळ्यासमोर उभी केली.

अकरा हजार चारशे.

मी पोट धरून हसलो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! नव्वद हजार मारायला या बाईंना आधी एकाने वेग द्यायचा, दुसऱ्याने शत्रूची ढाल फोडायची, तिसऱ्याने तेज द्यायचं, मग बाईसाहेब हात उचलणार. मी लगेच निकाल लिहिला. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिघांनी पालखी वाहायची आणि हिने मिरवायचं. जे पात्र एकटं उभं राहू शकत नाही ते योद्धा नव्हे, आयत्या बिळावरचा नागोबा. टाकाऊ.' खाली गिल्डसाठी एक ओळ जोडली: 'रिद्धी, तू मागेच बरी.'

दर्पण, सुजीत आणि मेहुल या आमच्या बाकीच्या तिघांनी हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लावली. सहाशेतल्या कितीतरी जणांनी ते वाक्य पुढे पाठवलं. रिद्धीने काहीच लिहिलं नाही. मला वाटलं, समजली.

शुक्रवारी पहिली पाळी संपवून मी रूमवर आलो तेव्हा तिचा पुन्हा फोन.

"दादा, तुमी वीरबाहूला एकटा तपासलाय ना?"

"पन्नास वेळा."

"आज तपासा. आता. मी फोनवर थांबते."

पोरीला हरलेलं मान्य करवत नाही, असं मनात म्हणत मी गेम उघडला. वीरबाहू पुतळ्यासमोर गेला. सोनेरी रेघ दिसत नव्हती. म्हटलं, अपडेटमध्ये काहीतरी बिघडवलं असेल. त्याने गदा फिरवली.

नऊ हजार दोनशे.

नेट खराब असेल म्हणून गेम बंद करून चालू केला. पुन्हा नऊ हजार दोनशे. लॅबमध्ये तीन वाचनं घ्यायची सवय, म्हणून तिसरं घेतलं. नऊ हजार एकशे नव्वद.

"शांभवीचं तेज एका मित्राच्या पात्राला बांधता येतं," रिद्धी सांगू लागली. राग नव्हता, शाळेत धडा वाचावा तसं सांगत होती. "एक दिवस टिकतं. पहिल्या लढाईला तुमी बोललात, वीरबाहूला बांध. मी बांधलं. मग सोड म्हणून कधी बोललात नाय. म्हणून रोज सकाळी बोंबील वाळत घालायच्या आधी परत बांधते. बोट यायला उशीर झाला तरी, ताप असला तरी. काल नाय बांधलं."

मी लॅबमध्ये नव्या केमिस्टांना पहिल्या दिवशी काय शिकवतो? आधी ब्लँक. नमुना न घालता नुसत्या रसायनांचं वाचन घ्यायचं आणि ते शेवटच्या आकड्यातून वजा करायचं. नाहीतर रसायनाचा गुण नमुन्याच्या नावावर चढतो. ब्लँक विसरणाऱ्या एकाला मी सगळ्यांसमोर 'गाढव' म्हटलं होतं. आणि दोन वर्षं मी चौसष्ट हजार लिहीत होतो, त्यातले पंचावन्न हजार या पोरीचे होते. जिला मी टाकाऊ म्हटलं ती तडिता एकटी माझ्या वीरबाहूपेक्षा दोन हजारांनी जास्त मारत होती.

"हे कोणाला सांगितलंस?" माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. त्याची लाज मला अजून वाटते.

"कोणाला नाय. सांगणार पण नाय. पण रविवारी मी शांभवी आणणार नाय. तडिता आणेन, नायतर खेळणार नाय. कॅप्टन तुमी हाव, तुमी ठरवा."

ठरवायला होतं काय? तडिता खेळायची तर वेग आणि फुटलेली ढाल बाकीच्यांच्या फटक्यांतून मिळाली असती, पण तेज द्यायला मागे सपोर्ट हवा. मी दर्पणला विचारलं. तो म्हणाला, "दादा, मी काय पालखी वाहू?" सुजीत म्हणाला, त्याला नागोबाची सेवा करायची नाही. मेहुल नुसताच हसला. सगळी वाक्यं माझीच होती, एक शब्द बदललेला नव्हता. या मूर्खांना स्वतःचं बोलताही येत नाही, असं मी मनात म्हणालो.

शेवटी शनिवारी यादी टाकली. पुढे रिद्धी. मागे मी, शांभवी घेऊन. कारण लिहिलं नाही. लोकांना वाटलं, कॅप्टनची काहीतरी चाल आहे.

संध्याकाळी रिद्धीने मला फोनवर शिकवलं. बटण दाबायचं, त्यात शिकायचं काय, असं मला वाटत होतं. "दाबू नका अजून. तडिताचा हात वर जाऊ द्या. आधी दिलात तर तेज उडून जातं, नंतर दिलात तर फटका रिकामा जातो. सुजीत घाई करतो, त्याला आधी द्या. दर्पण मार खाल्ल्यावर मागं पळतो, तेव्हा द्यायचं नाय, वाया जातं." चौघांची एकेक खोड तिला पाठ होती. मी विचारलं, "आणि वीरबाहू?" ती म्हणाली, "तुमी कोणाकडे बघत नाय, सरळ आत घुसता. म्हणून तुमच्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवायला लागतं." वीसदा सराव केला, चौदादा चुकलो. तिने एकदाही उलट शब्द काढला नाही. तिच्या जागी मी असतो तर काय काय बोललो असतो, ते मला चांगलं माहीत आहे.

रविवारी चार वाजता लढत सुरू झाली. पहिल्या फेरीत माझं तेज दोनदा वाया गेलं. वापीवाल्यांनी मेहुलला आणि सुजीतला पाडलं. कॉलवर दर्पण ओरडत होता, "मागं कोण झोपलंय?" रिद्धी फक्त म्हणाली, "दादा, माझ्याकडे बघा. दुसरीकडे नको." दुसऱ्या फेरीत मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गेममध्ये माझ्या पात्राकडे न बघता दुसऱ्याच्या पात्राकडे डोळे लावून बसलो. तडिताचा हात वर गेला. मी दाबलं.

एक लाख तीन हजार. वापीवाल्यांचा किल्ला कोसळला. दर्पण गुरासारखा ओरडला, माझेही डोळे भरून आले, आणि ते खरं होतं.

मग निकालाचा पडदा आला. सर्वांत जास्त डॅमेज: रिद्धी. मग दर्पण. मग मेहुल, मग सुजीत. मी बोट खाली सरकवलं. आणखी खाली सरकवलं. माझं नाव नव्हतं. गेम फक्त मारणाऱ्यांची नावं लिहितो, आणि शांभवी कोणाला मारत नाही. पंधरा लाखांचं डॅमेज मांडलं होतं आणि त्यात माझा रकानाच नव्हता.

ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. सहाशेतले दोनशे एकाच वेळी लिहीत होते. 'रिद्धीने एकटीने लोळवलं!' 'एकटी पोरगी म्हणजे पाच वाघ!' त्यातच मेहुलने हसण्याचा चेहरा टाकून लिहिलं, 'कमलेशदादा, आज तुमी खेळला नाय काय?'

मी 'खेळलो' असं लिहिलं आणि खोडलं. 'मी मागे होतो' असं लिहिलं, तेही खोडलं. रिद्धी ऑनलाइन दिसत होती. तिने एक ओळ लिहिली असती तर पुरे होतं, आणि मी वाट बघत बसलो. ती काही लिहीत नव्हती.

मी तरी दोन वर्षांत तिच्यासाठी कधी लिहिलं होतं?