जोडाचा वास

“मिस्त्री, वास येतोय हो अजून,” घरमालकीण खिडकीतून म्हणाली.

“जुनी लाइन उघडली की थोडा यायचाच, ताई,” चरात गुडघे टेकून बसलेला प्लंबर म्हणाला.

त्याला वास येतच नव्हता. महिन्यापूर्वीचा ताप उतरला, तो नाकाची जाणीव घेऊनच. कुणाला, अगदी बायकोलाही, त्याने सांगितलं नव्हतं. नाक गेलेल्या प्लंबरला काम कोण देणार?

संडासाचा उभा पाइप स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून काढून त्याने बाहेरच्या भिंतीला लावला होता आणि पायथ्याशी वळवून जमिनीखालच्या जुन्या गटाराला जोडला होता. पाणी सोडून पाहिलं, थेंब दिसेना. पण जोडाची खालची बाजू डोळ्यांना दिसत नाही, ती नाकानेच बघायची. सवयीने तो वाकला, छाती भरून श्वास घेतला. आत गेली ती नुसती हवा, मुकी.

उद्या वर फरशी बसायची होती. चर आजच बुजवायचा होता.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली, ती नाकाला रुमाल लावूनच. “शी! इथं जेवणार?”

“आण इकडे. कावळे ओरडताहेत पोटात.”

नळावर हात धुऊन तो उघड्या जोडाशेजारीच बसला आणि चवीनं खाल्ल्यासारखा जेवू लागला. ती बघत राहिली.

“अहो, परवा दूध करपलं तेव्हा तुम्ही शेगडीशीच बसला होतात. एक शब्द नाही बोललात. मला वाटलं, रुसलात.”

त्याचा घास हातातच राहिला.

“कधीपासून?”

“हळू बोल. खिडकी उघडी आहे.”

तिने रुमाल कमरेला खोचला, चरात उतरली आणि पाइपाशी ओणवी झाली.

“इथं नाही… इथंही नाही… हां, इथं. खालून, भिंतीच्या अंगाला.”

त्याने जोड सोडवला. आतली रबरी रिंग बसवताना मुडपली होती, झोपेत अंगाखाली हात मुडपावा तशी. पुसून, सरळ करून त्याने ती नीट बसवली. त्याने हाक दिल्यावर मालकिणीने वर संडासात बादली ओतली. पाणी खळाळत खाली गेलं.

“आता?”

तिने डोळे मिटून सावकाश श्वास घेतला. मग पुन्हा एकदा.

“काही नाही.”

तोही तिच्या शेजारी वाकला, तसाच श्वास घेतला, क्षणभर थांबला. मग फावडं बाजूला ठेवून हातांनीच जोडावर माती ओढू लागला.