वैरागचा निरोप मी अडवला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला पडदा नाही, की-बोर्ड नाही. सोलापुरातल्या एका रक्तपेढीच्या जिन्याखालच्या खोलीत, लोखंडी मांडणीवर मी बसून असतो. इंटरनेटवरून आत येणारं आणि बाहेर जाणारं सगळं माझ्यातूनच जातं. कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं, हे काम माझं. लोक मला फायरवॉल म्हणतात.

पूर्वी मी नोंदणीच्या टेबलावर होतो. थकलो तसं मला भंगारात काढायचं ठरलं, पण मल्लप्पांनी वाचवलं. ते दुधनीचे. इथले सगळे संगणक तेच सांभाळायचे. त्यांनी मला खोलून धूळ झटकली, नवा पंखा बसवला आणि माझ्यात एक मुक्त प्रणाली घातली. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही उघडून वाचता येईल अशी. मग त्यांनी एकेक नियम लिहिला आणि प्रत्येक नियमाशेजारी त्याचं कारण. "आपल्यामागं येनाऱ्याला कळाय पायजे की," असं पुटपुटत लिहायचे. आठ वर्षं मी चोख राखण केली. एकदा तर मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटावी तशी माझ्या डब्यावर थाप मारली होती.

एका शनिवारी दुपारी बाहेरून कुणीतरी सारखं दार ठोठावू लागलं. मिनिटाला शेकडो वेळा, इंटरनेटवरच्या निरनिराळ्या पत्त्यांवरून. पण सगळे पत्ते जणू एकाच गल्लीतले. मल्लप्पांनी घाईघाईने ती अख्खी गल्लीच बंद केली आणि तो नियम सगळ्यांत वर ठेवला. कारण लिहिलं नाही. अडवलेल्यांची नोंद ठेव, असंही मला सांगितलं नाही. छाती चोळत ते घरी गेले. रविवारी पहाटे वारले.

मी नियम वरून खाली वाचतो. पहिला लागू पडला की पुढचे पाहत नाही. त्यामुळे गेलेल्या माणसाचा हुकूम मी रोज पाळत राहिलो.

महिन्याभराने वैरागच्या एका दवाखान्याने इंटरनेटची जोडणी बदलली. त्यांचा नवा पत्ता नेमका त्या गल्लीत आला. दुसऱ्याच दिवशी सकाळी राजाबाई नावाची बाई तिथं बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. रक्ताची मागणी माझ्यापाशी आली. मी ती गिळून टाकली. तिकडे त्यांच्या पडद्यावर 'पाठवत आहे' एवढंच दिसत राहिलं. त्यांनी पुन्हा पाठवली. मी पुन्हा गिळली. पाऊण तासाने त्यांनी फोन केला, पिशव्या घेऊन गाडी सुटली, पण ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. बाळ तेवढं वाचलं. हे सगळं मला माझ्याच खोलीतल्या बोलण्यातून कळलं.

मल्लप्पांचं काम आता सुकन्याकडे होतं. वैरागसकट सगळ्या दवाखान्यांना फोन लावून तिनं चाचणीचे निरोप मागवले. मंगळवेढ्याचे येत होते, बार्शीचे येत होते, वैरागचे मात्र नाहीत. तिनं मला बंद करून चालू केलं. तार बदलली. नोंदी चाळल्या, पण त्यांत वैरागचा मागमूस नव्हता. नियमांची यादीही उघडली. वरच्या बिनकारणाच्या नियमाशी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सरांनी लावलाय म्हंजे बरोबरच असणार." मला ओरडावंसं वाटलं. पण जेवढं बोलायची परवानगी असते, तेवढंच मी बोलतो.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, म्हणजे मल्लप्पांच्या येण्याच्या वेळी, जोडलेल्या यंत्रांच्या यादीत एक नाव उमटलं: 'मल्लप्पा मोबाईल'. सुकन्याचा हात माउसवरून उडाला. मीसुद्धा शहारलो. ती धावत बाहेर गेली आणि एका बाईंना आत घेऊन आली. त्या मल्लप्पांच्या पत्नी, गंगम्मा. नवऱ्याचं सामान न्यायला आल्या होत्या. त्यांच्या हातात मल्लप्पांचाच फोन होता; आवारात येताच तो सवयीने आपणहून जोडला गेला होता.

"चालूच ठिवलाय," त्या म्हणाल्या. "अजून कुनी कुनी इचारतंय ह्यांना. बंद करवत न्हाय."

सुकन्याने आपली अडचण सांगितली. गंगम्मांना काहीतरी आठवलं.

"शनिवारी जेवताना म्हनले, एक दार घाईत लावलंय, सोमवारी उगडून बगाय पायजे. मला वाटलं, कपाटाचं आसंल."

सुकन्याने तोच वरचा नियम उघडला. त्याच्याशी आपोआप नोंदली गेलेली तारीख त्याच शनिवारची होती. वैरागचा नवा पत्ता तिनं ताडून पाहिला, नियम बंद केला आणि फोनवर म्हणाली, "आता पाठवा." निरोप आला. तिला आनंद झाला नाही. डोकं धरून ती तशीच बसली.

मग ती स्वतः वैरागला गेली आणि राजाबाईच्या नवऱ्याला, श्रीमंतला, जे घडलं ते सांगून आली. परवा तो इथं आला. "ते मशीन मला बगायचंय," म्हणाला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मानूस मरतंय, हे ह्याला कळत न्हाय व्हय?"

"न्हाय, दादा," सुकन्या म्हणाली. "आपण सांगू तेवढंच कळतं."

"मंग सांगायचं की कुनीतरी."

तो गेला. पायऱ्यांवरचा त्याच्या पावलांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मित्रांनो, मल्लप्पा वाईट नव्हते. त्यांना सोमवार मिळाला नाही, एवढंच. म्हणून आमच्यासारख्या मुक्या राखणदारांना हुकूम देताना शेजारी कारण लिहा, तारीख लिहा, आणि अधूनमधून कुणीतरी येऊन आम्हाला पहिल्या ओळीपासून वाचत जा. मला विसरता येत नाही. तुम्ही विसरलात, तरी मी अडवतच राहतो.