एक पुडी, एक बादली

मोतीरामच्या उजव्या अंगठ्याला अंबडच्या कारखान्यातला बूट चावला आणि डायबेटिसने त्या फोडाचा खड्डा केला. डॉक्टरांनी नारंगी पावडरच्या तीस पुड्या दिल्या. यात अमिनो आम्लं आहेत, मांस भरून यायला लागणारा माल आहे, असं समजावलं. सकाळ-संध्याकाळ एकेक पुडी ग्लासभर पाण्यात. पंधरा दिवसांत जखम भरायला लागली नाही तर अंगठा काढायचा.

त्या दिवसापर्यंत मोतीरामने अंगठ्याकडे कधी धड बघितलंही नव्हतं. आता तो त्याला पांघरूण घालू लागला.

पण आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जायची रीत आहे. रीत कसली, फुकट्यांची जत्रा. पाय बघायचा, च्च च्च करायचं, कुणाचा पाय गुडघ्यापासून कापला ते रंगवून सांगायचं आणि मग स्वयंपाकघराकडे डोळे लावून बसायचं. आणि आलेल्याला कोरड्या तोंडाने धाडणं मोतीरामच्या बायकोला, नवसाबाईला, जन्मात जमलं नाही.

पंधरा दिवसांनी जखम होती तशीच. शुगर मात्र वर गेलेली. डॉक्टरांनी विचारलं, पुडी कशी देता? नवसाबाईने अभिमानाने सांगितलं: एका पुडीत बादलीभर सरबत होतं, फिकं लागतं म्हणून चार वाट्या साखर, आल्यागेल्याला एकेक ग्लास आणि ह्यांनाही एक. अजून कुणी नावं ठेवली नाहीत.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग सोळा नव्या पुड्या आणि शेवटचे आठ दिवस दिले.

दुसऱ्याच दिवशी नवसाबाईचा भाऊ मंगळू वणीहून सहा माणसं घेऊन आला. सरबताची कीर्ती तिथवर पोचली होती. नवसाबाई बादलीकडे वळली तेवढ्यात मोतीराम लंगडत उठला. त्याने पुडी फोडली, ग्लासात ढवळली आणि सगळ्यांच्या तोंडावर घटाघट प्यायला.

"दाजी, आमी वणीवरनं आलोय," मंगळू म्हणाला.

"हा माझा अंगठा हाय, मंगळू. तो मी पितोय. तुला पाणी माठात हाय."

मंगळूसकट सातही जण उठले. नवसाबाई चार दिवस बोलली नाही, पण पुडी ग्लासातच कालवू लागली. आठव्या दिवशी डॉक्टरांना खड्ड्याच्या तळाशी लालसर मांस दिसलं. अंगठा राहिला.

मंगळूच्या पोरीच्या लग्नाचं बोलावणं काही आलं नाही. मोतीराम तरीही गेला. चप्पल काढून पंगतीत पहिला बसला, पाय पुढे पसरून.