परतीचं टेबल

बस थांबली तेव्हा ग्रंथपालांना आपले गुडघे कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे वाटत होते. दिवसभर बसून अंग आंबून गेलं होतं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात रिकाम्या डब्याची पिशवी, आणि डोक्यात एकच विचार, की हाच सगळा प्रवास उद्या उलट दिशेनं पुन्हा करायचा आहे.

ग्रंथालयांच्या अधिवेशनाला ते याआधीही येत, पण मागच्या रांगेत बसून मुकाट परत जाण्यापुरते. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं असताना या वेळी मात्र बोलायचं होतं. हौस म्हणून नव्हे. परतीच्या टेबलासाठी.

त्यांच्या ग्रंथालयात दाराशीच एक लांब टेबल होतं. वाचकानं पुस्तक परत केलं की ग्रंथपाल ते लगेच कपाटात लावत नसत. दिवसभर टेबलावर पसरून ठेवत. कपाटांच्या रांगांसमोर गोंधळून उभी राहणारी माणसं या टेबलाशी आली की सैल होत. आपल्यासारख्याच कुणीतरी घरी नेऊन वाचलेलं पुस्तक म्हणजे निम्मी खात्री झालेली. अर्धीअधिक पुस्तकं कपाट न बघता इथूनच पुन्हा कुणाच्या तरी घरी जात. पण ग्रंथालयाच्या अध्यक्षांना हा पसारा वाटे. त्यांना तिथे मानचिन्हं ठेवायला काचेचं कपाट हवं होतं. सोमवारी कार्यकारिणीची बैठक होती.

"अधिवेशनानं अशी टेबलं असावीत असा ठराव केला, तर बघू," असं म्हणून अध्यक्षांनी त्यांची बोळवण केली होती. दुसरा कुणी असता तर त्याला त्यातली बोळवण कळली असती. ग्रंथपालांनी ते शब्दशः घेतलं आणि महिनाभर खपून भाषण लिहिलं.

अधिवेशनवाल्यांनी दिलेल्या खोलीत दोन खाटा, एक खुर्ची आणि नीट न मिटणारी खिडकी होती. ग्रंथपालांनी बॅग उघडली. शर्ट होता, पाठीचा पट्टा होता, चष्म्याचं घर होतं. भाषण नव्हतं. त्यांनी बॅग खाटेवर उपडी केली, डब्याची पिशवीसुद्धा उलटी केली. मग ते खुर्चीत बसले आणि हळूहळू त्यांना सगळं आठवलं.

भाषणाच्या कागदांना घडी पडू नये म्हणून त्यांनी ते एका मोठ्या प्रवासवर्णनात ठेवले होते. ते पुस्तक वाटेत वाचायला म्हणून त्यांनी रीतसर आपल्या नावावर घेतलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना वाटलं, बसमध्ये आपलं डोकं गरगरतं, उगाच कशाला पुस्तक अडकवून ठेवा. म्हणून ते रीतसर परतही केलं आणि टेबलावर ठेवलं. परत आलेलं प्रत्येक पुस्तक ते उलटं धरून झटकत. आतून तिकिटं पडत, केसांच्या पिना पडत, एकदा तर कुणाच्या तरी आईचा फोटो पडला होता. हे एकच पुस्तक त्यांनी झटकलं नाही. स्वतःचंच तर होतं.

त्यांनी ग्रंथालयात फोन लावला. बंद व्हायला अजून थोडा वेळ होता.

"बोला सर, पोचलात?" सहायक बाईंचा आवाज नेहमीप्रमाणे दोन खोल्या पलीकडे ऐकू जाईल असा होता.

"पोचलो. टेबलावर बघता का जरा? ते निळ्या पाठीचं जाडं प्रवासवर्णन."

"ते कधीच गेलं. सकाळी दार उघडल्या उघडल्या नर्सबाईंनी नेलं. का हो?"

ग्रंथपालांनी सांगितलं. पलीकडून दाबलेलं हसू ऐकू आलं.

"म्हणजे सर, तुमचं भाषण घरपोच गेलं."

"हसू नका हो."

"हसत नाही. पण तुम्हीच म्हणता ना, टेबलावर ठेवलेलं टिकत नाही म्हणून? निरोप देते त्यांना, काळजी करू नका."

मग घरचा फोन आला. बायकोनं आधी जेवणाचं विचारलं, मग पट्ट्याचं, आणि भाषणाचं ऐकून म्हणाली, "अहो, निदान स्वतः तरी त्या टेबलावर राहिला नाहीत, हेच नशीब. कुणीतरी नेलं असतं."

"मला कोण नेणार," ग्रंथपाल म्हणाले.

"तेही खरंच," ती म्हणाली. "झोपा आता."

सकाळी नर्सबाईंचा फोन आला. मागे दवाखान्याची गडबड ऐकू येत होती. "काका, पुस्तक घरी राहिलंय आणि मी ड्यूटीवर. घरी दुसरं कुणी नाही, नाहीतर फोटो काढून पाठवायला लावले असते."

"असू दे. तुमचा काय दोष."

"वाचलं मात्र मी. आधी वाटलं पुस्तकाचाच भाग आहे. म्हटलं, हा माणूस डोंगर चढता चढता एकदम टेबलाबद्दल काय बोलायला लागला." त्या हसल्या. "रागावू नका, पण पहिल्या दोन पानांत मला डुलकी लागली. टेबल येतच नाही हो लवकर. टेबल आलं तशी जागी झाले. ते खरंच काढणार आहेत?"

"सोमवारी ठरेल."

"मग मी ड्यूटीवरून येता येता थांबायचं कुठे?" असं विचारून त्यांनी घाईनं फोन ठेवला. कुणीतरी त्यांना हाक मारत होतं.

ग्रंथपालांचं भाषण जेवणानंतर ठेवलं होतं. सभागृहात पंखे फिरत होते आणि माना डुलत होत्या. त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर चुकून 'स्वयंसेवक' असं आलं होतं, त्यामुळे व्यासपीठाकडे जाताना दोघांनी त्यांना पाणी कुठे आहे म्हणून विचारलं. त्यांनी दोघांनाही दाखवलं.

माईकसमोर उभं राहिल्यावर हात कुठे ठेवावेत ते कळेना. कागद असते तर ते तरी धरता आले असते. पहिली दोन पानं आठवायचा प्रयत्न त्यांनी केला, आणि ती आपल्यालाही आठवत नाहीत हे लक्षात आलं.

"माझं भाषण एका बाईंनी वाचायला नेलं आहे," ते म्हणाले.

दोन-तीन माना वर झाल्या. मग त्यांनी झालं ते तसंच सांगितलं. टेबल, झटकायचं राहिलेलं पुस्तक, नर्सबाईंची डुलकी. लोक हसले. कुणीतरी जांभई अर्धवट सोडून हसलं. ग्रंथपाल म्हणाले, "मी ते पुस्तक कपाटात लावलं असतं, तर माझे कागद वर्षभर सुखरूप राहिले असते. कुणी हात लावला नसता. मला तीच भीती वाटते." आणखी काही सांगायचं होतं, पण एवढ्यात घंटा वाजली.

सत्राध्यक्ष घड्याळाकडे बघून म्हणाले, "अतिशय रंजक अनुभव. ठराव मात्र वेळेअभावी घेता येणार नाही. सूचनेची नोंद घेऊ या. पुढचे वक्ते?"

ग्रंथपाल खाली उतरले. नोंद म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. नोंदी करण्यातच जन्म गेला होता. मागच्या रांगेतल्या एका ग्रंथपाल बाईंनी वाटेत थांबवून विचारलं, "टेबल केवढं आहे तुमचं?" त्यांनी हात पसरून दाखवलं. त्या मान डोलावून पुन्हा खाली बसल्या. एवढंच.

परतीची बस उशिरा येणार होती. बाकावर बसून त्यांनी ग्रंथालयात फोन केला. अध्यक्षांना काय सांगायचं हे त्यांना सुचत नव्हतं, पण निदान कागद परत आले की ते सांभाळून ठेवायला तरी सांगावं.

"झालं का भाषण?" सहायक बाईंनी विचारलं.

"झालं. ठराव नाही झाला."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या, आणि मग जरा मऊ आवाजात, "बरं, पुस्तक आलंय. नर्सबाई ड्यूटी सुटल्यावर मुद्दाम आणून देऊन गेल्या. कागद आतच आहेत. काढून ठेवते तुमच्या खणात."

ग्रंथपालांनी डोळे मिटले. पाय ठणकत होते. हो म्हणायला तोंड उघडलं आणि ते थांबले.

"टेबलापाशी कोण आहे आत्ता?"

"नेहमीचेच. शिंपीदादा आहेत, शाळेतल्या दोन बाई आहेत, आणि ते काहीच न नेणारे आजोबा."

"मग कागद राहू दे आतच. टेबलावर ठेवून द्या."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "सर, शेवटच्या पानावर सोमवारच्या बैठकीचं लिहिलंय तुम्ही. वेळेसकट. आणि टेबल काढणार आहेत हेही. कुणी हे वाचून त्या दिवशी बैठकीत येऊन उभं राहिलं, तर अध्यक्ष तुम्हालाच धरतील."

"धरतील," ग्रंथपाल म्हणाले.

बाई जराशा घुटमळल्या असाव्यात. मग फोनमधून पुस्तक टेबलावर टेकवल्याचा जाड, ओळखीचा आवाज आला, आणि त्यांचं बोलणं हळू झालं. "सर, ते आजोबा चाळतायत."

"त्यांच्याकडे बघू नका," ग्रंथपाल म्हणाले. "बघितलं की ते खाली ठेवतात."