सातशे ऐंशी जोड्या

शिलाई कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर मशिनी थांबल्या होत्या आणि चाळीस बायका आ वासून एकात्मबाबांकडे पाहत होत्या. बाबांनी डोळे मिटले. "या खोलीत एकच आत्मा दोन देहांत राहतो! जन्मतारीख एक, प्राण एक!" तारखा पुकारल्या गेल्या. कटिंगवाली आत्या आणि काजावाली, दोघींची निघाली अकरा मार्च. बायकांच्या अंगावर काटा आला. बाबांच्या अंगावर नुसतं अत्तर होतं.

"एकीचं आरोग्य आता दुसरीत वाहणार," बाबा म्हणाले. काजावाली ठणठणीत, म्हणून आत्याने त्याच दिवशी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या.

चार दिवसांनी तिच्याकडे राहणाऱ्या भाचीला आत्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी दिसली. घसा कोरडा, पायात त्राण नाही.

"आत्या, गोळी घेतलीस?"

"कशाला? काजावालीला सांगितलंय, नीट जेवत जा म्हणून."

भाची संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती आणि संभाव्यतेच्या पेपरात एकदा आपटलीही होती. ती आधी घाबरली, मग भडकली.

"अगं, वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, आम्ही अवघ्या चाळीस," आत्या म्हणाली. "उगीच जुळतं का?" दवाखान्यात यायला ती तयार होईना.

भाचीने तीन दिवस कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून बाकी चार मजल्यांवरच्या चाळीस-चाळीस बायकांच्या तारखा टिपल्या. बाबा पुन्हा आले, तेव्हा तीही आत शिरली.

"बाबा, आणखी तीन मजल्यांवर जोड्या सापडल्या. एका मजल्यावर तर दोन. चौथ्यावर मात्र एकही नाही."

"तिथे अश्रद्धा आहे!"

"म्हणजे जुळलं तर तुमची शक्ती, नाही जुळलं तर त्यांचं पाप. मजा आहे तुमची!"

बायका खुदखुदल्या. भाचीने कटिंगच्या टेबलावरचा खडू उचलला. "पहिलीने एकोणचाळीस जणींशी तारीख ताडायची, दुसरीने उरलेल्या अडतीस जणींशी. असं शेवटपर्यंत गेलं की होतात सातशे ऐंशी जोड्या. प्रत्येक जोडी जुळायची शक्यता तीनशे पासष्टात एक. म्हणजे खोलीमागे सरासरी दोन जोड्या; कुठे जास्त, कुठे एकही नाही. चाळीस जणींच्या शंभर खोल्या पाहिल्या, तर नव्वदेक खोल्यांत जोडी निघतेच."

"पण माझीच कशी जुळली?" आत्याने विचारलं.

"बाबांनी आधी तुझं नाव घेतलं होतं? ते म्हणाले, कोणाची तरी, कोणाशी तरी. तू तुझ्यापुरतं मोजलंस, त्यांनी अख्खी खोली धरली. बाबा, आता वरच्या मजल्यावरच्या इस्त्रीवालीची जोडीदारीण दाखवा. आधी बोट दाखवा, तारखा मग विचारू."

बाबांना एकदम दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

"माझं आरोग्य कुठे वाहत नाही हो," काजावाली म्हणाली. "माझाच गुडघा धड नाही."

आत्याचा चेहरा पडला. "मग ही माझी कोणीच नाही?"

"मैत्रीण आहे की! पण ती जेवली म्हणून तुझी साखर उतरत नाही."

दवाखान्यात रक्तातल्या साखरेचा आकडा पाहून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आणखी आठवडाभर हेच चाललं असतं, तर आत्या हाती लागली नसती.

तेव्हा चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: जुळायच्या संधी होत्या किती? आणि उत्तर काहीही मिळो, आपली गोळी चुकवू नका.