बाराचा भोंगा

"पत्ता सांगा, बाई."

"पाववाल्याची गल्ली. कारंज्यासमोरचं दुसरं दार."

विल्देर अतेन्सियो खुर्चीत रेलून हसला. "तिथं आता नुसती हवा आहे, बाई. जपून, पडाल."

हर्मेलिंदाबाई हसल्या नाहीत. याच पोराला त्यांनी शाळेत पेरूच्या उंच डोंगरांतल्या आपल्या गावाचा, सेर्रो दे पास्कोचा, नकाशा काढायला शिकवलं होतं. मधोमध चौक, चौकाला टेकून देऊळ, देवळामागे त्याचं घर. मग खाणीचा खड्डा पसरत गेला. दरवर्षी बाई फळ्यावरची एखादी गल्ली पुसायच्या. चौक गेला तेव्हा एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, मग आपल्या गावाची उंची कमी झाली का?" सगळा वर्ग हसला होता. बाईसुद्धा.

आता विल्देर खाणीच्या कचेरीत बसायचा आणि उठवलेल्या लोकांच्या तक्रारी ऐकायचा. बाईंना नव्या वसाहतीत पत्र्याची खोली मिळाली होती. त्यांचा नवरा झेनोबियो मात्र जुन्या घरातच वारला होता, घर पाडायच्या आधी.

"परवा सर्व संतांचा दिवस, मेलेले घरी येतात तो," बाई म्हणाल्या. "बाराला झेनोबियो जेवायला येईल. गेल्यानंतरचं पहिलंच वर्ष त्याचं. तेवढ्या वेळी सुरुंग नको रे लावू."

"सुरुंगाचं काय त्याला? जन्मभर खाणीतच होता ना?"

"शेवटी शेवटी फार घाबरायचा. सुरुंगाआधी बाराचा भोंगा झाला की थरथरायचा. धडाका होऊन जाईपर्यंत मी त्याचे कान दाबून धरायचे. आता घाबरला तर दारातूनच परत जाईल."

विल्देरनं टेबलावर बोटं वाजवली. "भोंगा नाही, सुरुंग नाही. दिला शब्द. पण उद्या तुमच्या वर्गावर पाहुणे येतायत, लिमाहून. त्यांच्यासमोर नवा धडा घ्या. खड्ड्याच्या जागी वस्ती कधीच नव्हती, नुसती खनिजाची जमीन होती."

"तू तिथंच जन्मलास, विल्देर."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. तुम्ही सांगितलेलं पोरं खरं मानतात. मी नाही का मानायचो?"

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर पाहुणे बसले, गळ्याभोवती मफलर गुंडाळून, दम लागलेले. बाईंनी धडा सांगितला. आवाज कापला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

नेलिदानं हात वर केला. नऊ वर्षांची पोर, थंडीनं गाल फुटलेले. "बाई, माझ्या आजीचं घर होतं की तिथं! तुम्हीच तर फळ्यावर काढून दाखवलं होतंत."

पाहुण्यांपैकी एकजण खाकरला.

बाईंनी आजवर कुणाला मारलं नव्हतं. पट्टी फक्त रेघा मारायला होती. "हात पुढे कर," त्या म्हणाल्या.

पट्टी बसली.

"कोण राहत होतं तिथं?"

"आजी..."

पुन्हा बसली.

"कोणी नाही, बाई."

"मोठ्यानं."

"तिथं कोणीच राहत नव्हतं!"

पाहुण्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. जाताना एकानं तिच्या लाल झालेल्या तळहातावर चॉकलेट ठेवलं.

सणाच्या सकाळी बाईंनी टेबलावर काळं कापड अंथरलं. मेंढीच्या डोक्याचा रस्सा, कोकाची पानं, बाळाच्या आकाराचे पाव. खड्ड्याच्या कुंपणापासून खोलीच्या दारापर्यंत त्या वाकून वाकून पिवळ्या पाकळ्या टाकत आल्या. वारा त्या उडवायचा, बाई पुन्हा टाकायच्या. जुनं दार सापडलं नाही तर त्यानं या वाटेनं यावं.

मग त्या बसल्या. बाहेर सगळं सामसूम होतं. विल्देरनं शब्द पाळला होता.

शेजारची एउदोसिया दारात आली, हातात न पेटवलेली मेणबत्ती घेऊन. "अगं हर्मेलिंदा, भोंगा कसा नाही झाला? बारा वाजायचेत का अजून?"

"कधीच वाजले. ते बघ घड्याळ."

"घड्याळ तुझं नि माझं गं! त्यांना कसं कळायचं? तुझ्या झेनोबियोला घड्याळ कुठं बघता येत होतं? भोंगा झाला की त्याला भूक लागायची. देवळाची घंटा असती तर गोष्ट वेगळी, तीही गेली खड्ड्यात. आज सगळ्या गावाचे मेलेले ताटकळत बसले असतील बघ. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

बाईंनी दाराबाहेर पाहिलं. गल्लीभर बायका तशाच मेणबत्त्या हातात धरून दारांत उभ्या होत्या आणि खड्ड्याकडे कान देऊन होत्या.

दुपार कलली तेव्हा पिशवी घेऊन नेलिदा आली. घरोघरी जाऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायची आणि पाव घ्यायचा, पोरांचा हा दरवर्षीचा उद्योग.

"कोणासाठी म्हणू, बाई?"

"झेनोबियोसाठी." बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "नीट पत्ता सांगून म्हण हं, बाळा. पाववाल्याची गल्ली, कारंज्यासमोरचं दुसरं दार."

नेलिदानं आधी बाईंच्या हातांकडे पाहिलं. मग स्वतःचे हात पाठीमागे लपवले आणि वर्गात उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

"तिथं कोणीच राहत नव्हतं," ती मोठ्यानं म्हणाली. मग हळूच विचारलं, "बरोबर ना, बाई?"

रश्श्यावर चरबीची पांढरी साय धरली होती. बाईंनी टेबलावरचा सगळ्यात मोठा पाव उचलला आणि तिच्या पिशवीत ठेवला.

"बरोबर," त्या म्हणाल्या.