जाळीपलीकडच्या कोंबड्या

सुनेने गुळवेलीची पूड कोंबड्यांच्या खाद्यात ओतली आणि कोपरापर्यंत हात घालून ती कालवू लागली. पूड नाकात गेली. तोंड वळवून तिने शिंकून घेतलं आणि पुन्हा हात घातला. हिरवट रंग सगळीकडे सारखा उतरेपर्यंत ती थांबत नसे.

"झाला का काढा?" सासरे शेडच्या दारातून म्हणाले. "पेशंट खोळंबलेत, वैद्यीणबाई."

"या आत. तुमचीच नाडी बघते आधी."

"माझी राहू दे. चालू आहे ती अजून."

शेडच्या मधोमध तारेची जाळी होती. तिनेच ती ठोकून घेतली होती. जाळीअलीकडच्या कोंबड्यांना गुळवेल, तुळस आणि आवळा घातलेलं खाद्य. ते ती घाली. पलीकडच्यांना नुसतं, ते सासरे घालत. पाणी, पंखे, छपरावरची ओली पोती दोन्हीकडे सारखीच. जनावरांच्या डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. "या पाल्याने उन्हाचा त्रास कमी होतो म्हणतात. तुमच्याकडे होतो का, करून बघा. पण सगळ्यांना घातलंत तर कळणार कसं?"

कळणं भागच होतं. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली, पंखे थांबले आणि अर्धी शेड आडवी झाली. मेलेल्या कोंबड्या सासऱ्यांनी एकट्याने उचलल्या. सुनेला त्यांनी आत येऊ दिलं नाही आणि त्या दिवशी पानावर बसून ते तसेच उठले. यंदा ऊन चढू लागताच त्यांनी जाहीर करून टाकलं, की आहेत त्या कोंबड्या व्यापाऱ्याला द्यायच्या आणि शेड बंद करायची. नवरा नोकरीपायी परगावी. तो फोनवर म्हणाला, "तुम्ही दोघं ठरवा." सून हटून बसली. शेड तिने उभी केली होती, आणि ती सोडून घरात नुसतं बसायचं तिच्या मनातही येत नव्हतं. शेवटी तोड निघाली ती अशी : उन्हाची मोठी लाट येऊन जाऊ दे. पाल्याने फरक पडलेला दिसला तर शेड राहील, नाहीतर व्यापाऱ्याला फोन.

सुरुवातीला कोंबड्यांनी तिला अगदी रडकुंडीला आणलं. खाद्य कडू लागताच त्या माना झटकत, मक्याचा दाणा न् दाणा निवडून खात आणि पूड तळाशी तशीच ठेवत. मग ती चिमटीचिमटीने पूड वाढवत गेली, तेव्हा कुठे त्यांचा रुसवा गेला. त्यातच शेडमागची गुळवेल कुणीतरी ओरबाडू लागलं. तिने शेजारणीच्या शेळीवर आळ घेतला.

"माझी शेळी दाव्याला असते," शेजारीण फणकारली. "आणि ती कात्रीने कापून खात नाही, बाई."

सुनेला तो टोमणा वाटला.

मग लाट आली. पत्रे तडतडू लागले. दुपारी दोन्हीकडच्या कोंबड्या चोची उघडून, पंख अंगापासून सैल सोडून धापा टाकत. पण एकही पडली नाही. अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. सून जाळीच्या या बाजूने बघे, मग त्या बाजूने. अंडं उचलून कवच अंगठ्याने दाबून बघे. दोन्हीकडचं सारखंच टणक.

एका संध्याकाळी तिने हात धुतले आणि ती सासऱ्यांपुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, फरक नाही."

"सगळ्या जगल्या की."

"नुसतं खाऊनही जगल्या. मग पाल्याचं काय राहिलं? बोलले तसं वागते. करा फोन."

सासऱ्यांनी खिशातून फोन काढला. चष्मा पुसला. फोन परत खिशात ठेवला.

"उद्या करू. आत्ता तो जेवत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच अंगाची लाही होत होती. सासरे शिडीवर चढून पोती भिजवत होते. सुनेने डब्यात उरलेली पूड पाहिली. आता ती राखून कुणासाठी ठेवायची? शेडमधून जायच्या तर सगळ्याच चार घास चांगले खाऊन जाऊ देत. ती पहिल्यांदाच पलीकडे गेली, पुरेपूर पूड कालवलेलं खाद्य तिथल्या भांड्यांत ओतलं आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्या माना झटकण्याची वाट बघू लागली.

एकीनेही मान झटकली नाही. एकमेकींच्या अंगावर चढून त्या तुटून पडल्या. मक्याचा दाणा कुणी निवडला नाही. बघता बघता भांड्याचा तळ लख्ख झाला.

सून रिकामं घमेलं घेऊन तशीच उभी राहिली. सासरे शिडीवरून उतरले होते आणि निथळत्या पोत्यावर पुन्हा पाणी मारत होते. त्यांच्या नखांच्या कडा हिरव्या होत्या.

"बाबा, या कडू बऱ्या खातात हो. पहिल्यांदाच."

"भूक लागली असेल."

तिने त्यांच्या नखांकडे पाहिलं. पाणी पोत्यावरून ओघळून त्यांच्या चपलांवर पडत राहिलं.

"पलीकडच्यांनी काय घोडं मारलं होतं?" मागे न वळताच ते म्हणाले. "धापा टाकताना माझ्याकडेच बघायच्या गं."

"अहो, पण मग कळलं काहीच नाही. डॉक्टरांना काय सांगू?"

"मला कळलं," सासरे म्हणाले.

सुनेने घमेलं खाली ठेवलं. "व्यापाऱ्याचं जेवण झालं असेल आता."

"झालं असेल." त्यांचा हात खिशाकडे गेला नाही.

ती घरात गेली आणि खलबत्ता आणून त्यांच्यासमोर ठेवला. "पाला कात्रीने कापून भागत नाही. सावलीत वाळवून कुटावा लागतो. कालचा वाळलाय, टोपलीत आहे. आणि वेल बुंध्याशी छाटू नका, फुटवा येऊ द्या."

"आणि तू कुठे निघालीस?"

"शेजारी. शेळीची माफी मागायला."

ती फाटकाशी पोचली, तेव्हा मागे कुटण्याचा आवाज सुरू झाला होता.